मामांच्या रिळाची तपासणी

१९ ऑक्टोबर, रविवार, दुपार

तीर्थरूप मामा,

नमस्कार. पत्राला सात महिने उशीर झाला, त्याबद्दल क्षमा मागतो. (मोजून पाहिलं तर सात महिने आणि चार दिवस. क्षमा मागताना वरचे चार दिवस सोडून द्यायची पद्धत असेल तर ठीक, नसेल तर त्या चार दिवसांची वेगळी मागतो.) पायांवर डोकं ठेवतो असं लिहायला हात शिवशिवत होते, पण गेल्या महिन्यापासून माझी कंबर अशी धरली आहे की प्रत्यक्षात मला ते जमणार नाही, आणि जे जमणार नाही ते पत्रात लिहिणं मला बरं वाटत नाही. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का? हे मी पत्राची सुरुवात भरायची म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. आई बरी आहे. तिच्या भावाचं पत्र आलं की चष्मा शोधते, चष्मा सापडला की पत्र शोधते, आणि मधल्या वेळात तुमच्या लहानपणच्या खोड्या आम्हाला सांगते. त्यातल्या निम्म्या खोड्या दर वेळी बदलतात.

आता आधी एक कबुली. दर गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन येतो तेव्हा मी घरीच असतो. 'अजून आले नाहीत हो मामा' असं तुमची भाचेसून तुम्हाला सांगते, तेव्हा मी तिच्यासमोर चार फुटांवर उभा असतो आणि हाताने नाही-नाही करत असतो. पहिले काही गुरुवार तिने माझ्यासाठी हे केलं. मग तिने माझ्याकडे बघणंच सोडलं. हल्ली फोन वाजला की ती म्हणते, 'जा गॅलरीत, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.' मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तिकडे तुमची काठी भिंतीला टेकवलेली असते, आणि आम्ही दोघं तुमचा फोन संपायची वाट बघतो. (काठीबद्दल पुढे लिहितो. सविस्तर लिहितो. आत्ता एवढंच की ती आहे.)

मार्चमध्ये तुमचं पत्र आलं, साडेचार ओळींचं. जिवंत आमिष लावून मासे धरायला चांगलं स्पिनिंग रीळ हवं आहे, माझं जुनं झिजलं, तू शहरात आहेस, यंत्रातलं तुला कळतं, बघून पाठव. काठी सोबत पाठवतोय, तिच्यावर बसतं का ते पाहा. एवढंच. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. मामी गेल्याला तेव्हा तीन वर्षं होत होती आणि त्या तीन वर्षांत तुम्ही एकदाही नदीवर गेला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मग आई म्हणाली, 'त्यानं काहीतरी मागितलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा. लवकर दे.' दोनच शब्दांची आज्ञा. त्यातला 'दे' मला समजला. 'लवकर' या शब्दावर मात्र माझं काम अजून चालू आहे.

तुम्ही म्हणाल, एका रिळाला काय लागतं? मामा, मी वीस वर्षं लिफ्ट तपासतोय. सकाळी उठून दुसऱ्यांच्या इमारतींत जायचं, छपरावरच्या यंत्रखोलीत वाकून शिरायचं (कंबर तिथेच धरली), दोर बघायचा, ब्रेक बघायचा, आणि माणसं ज्या पेटीत निवांत उभी राहून आरशात भांग पाडतात ती पेटी खाली पडणार नाही अशी सही करायची. अशा माणसाला तुम्ही दोर आणि ब्रेक असलेली वस्तू निवडायला सांगितलीत. शेजारच्या डॉक्टरीणबाई सांगतात की त्या स्वतःच्या मुलांना सर्दी झाली की वेडेपणा करतात. माझं तसंच झालं.

दुकानात गेलो. रीळवाला दुकानदार म्हणजे जाडजूड, शांत माणूस. गिऱ्हाइकाशी बोलतानाही हातात एक रीळ घेऊन उगाच फिरवत असतो, जशा काही बायका बोलता बोलता विणतात. त्याने विचारलं, 'मासा कुठला?' मी म्हणालो, ते मामांना विचारावं लागेल. 'गोडं पाणी की खारं?' गोडं, असं मी छातीठोकपणे सांगितलं. एका तरी प्रश्नाचं उत्तर आल्याचा मला एवढा आनंद झाला की मी ते दोनदा सांगितलं. 'आणि गुंडाळतात कुठल्या हाताने?' इथे मी थांबलो. मामा, लहानपणी किती सुट्ट्या मी तुमच्या शेजारी त्या काठावर बसून काढल्या. तुमची टोपी आठवते, तुम्ही पाण्याकडे बघताना खालचा ओठ कसा चावता ते आठवतं, डब्याच्या झाकणाला पडलेला पोचा आठवतो. पण तुम्ही उजव्या हाताने गुंडाळता की डाव्या, ते आठवेना. दुकानात उभा राहून मी हवेत दोन्ही हात फिरवून पाहिले. दोन्ही तुमचेच वाटले. दुकानदार बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, 'साहेब, मूठ दोन्हीकडे बसते.' म्हणजे प्रश्नाला काही अर्थच नव्हता. पण मला तो प्रश्न घरी येईपर्यंत आणि पुढे तीन आठवडे पुरला. तीस वर्षं एका माणसाबद्दल 'माझे लाडके मामा' म्हणायचं आणि त्याचा हात माहीत नाही, ही काय माया झाली?

मग मी तक्ता केला. चौदा रिळं आणि बावीस रकाने: वजन, फिरकीत गळाचा दोर, म्हणजे तंगूस, किती मावतो, तो सुटताना अडखळतो का, मूठ ओल्या हातातून निसटते का, आवाज होतो का, होत असेल तर चिडका की समजूतदार. (हा शेवटचा रकाना नंतर खोडला. मग परत घातला.) जिवंत आमिषाच्या रिळाला दोन ब्रेक असतात हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मला ते कळायला एक महिना गेला, म्हणून सांगू द्या. पुढचा ब्रेक जोरकस, मासा ओढायला. मागे एक छोटा खटका; तो वर केला की पुढचा ब्रेक सुटतो आणि फिरकी अगदी हलक्या ताणावर मोकळी फिरते. आमिषाचा बोटभर मासा पाण्यात हिंडत असतो, मोठा मासा येऊन त्याला तोंडात धरतो आणि निघतो, आणि तंगूस त्याच्यामागे निमूट सुटत जातो, म्हणजे त्याला संशय येत नाही. मग योग्य वेळी आपण मूठ फिरवायची, खटका आपोआप पडतो आणि खरा ब्रेक लागतो. दुकानदाराने हे मला मोठ्या प्रेमाने करून दाखवलं. मला घाम फुटला. मामा, माझ्या धंद्यात दोर मोकळा सुटला की चौकशी बसते. वर्तमानपत्रात येतं. आणि इथे दोर मोकळा सुटावा म्हणून लोक वरचे पैसे देतात!

तरी मी मन घट्ट केलं आणि तक्त्यात पहिलं आलेलं रीळ घरी आणून तुमच्या काठीवर चढवलं. घरातली तपासणी हॉलमध्ये केली. स्प्रिंगच्या काट्याने हलका ताण मोजला; पण काट्याने ओढलेला दोर म्हणजे माशाने ओढलेला दोर नव्हे, अशी शंका आली. म्हणून तुमच्या भाचेसुनेला विनंती केली की तंगुसाचं टोक हातात धरून हॉलमधून स्वयंपाकघरात चाल. फार भरभर नको, आपण पकडलो गेलोय हे अजून न कळलेल्या माशासारखी चाल. ती म्हणाली, 'त्याला काय, अठरा वर्षं तशीच चालतेय.' चाचणी उत्तम झाली. दोर अडखळला नाही. ती मात्र स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही, आणि मला टोक आणायला आत जावं लागलं.

आमिषाचे मासे आणले ते सहा होते. जिवंत आमिषाचं रीळ जिवंत आमिषाशिवाय तपासणं अप्रामाणिकपणा ठरला असता, म्हणून न्हाणीघरात बादली ठेवली. पहिल्या रविवारी तलावावर घेऊन गेलो. (शहराबाहेर आहे एक तलाव, काठाला लाकडी फळ्यांचा धक्का, भाड्याच्या चार नावा आणि एक नाववाला.) गळ हातात घेतला, मासा हातात घेतला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी त्याला पाण्यात सोडून दिलं. माझ्या मनाशी म्हटलं, हा नमुना जरा अशक्त होता. दुसराही अशक्त निघाला. सहावा तर इतका धडधाकट होता की अशक्त म्हणायची मलाच लाज वाटली; त्याला कारण न देताच सोडला. नाववाल्याने हे सगळं आपल्या नावेतून पाहिलं. जाताना म्हणाला, 'साहेब, तुम्ही मासे धरायला येता की टाकायला?'

पुढच्या रविवारी त्यानेच मला आमिष लावून दिलं. मी तेवढा वेळ समोरच्या काठावरची झाडं मोजली. मग मी तंगूस टाकला, चांगला लांब पडला, लाल बूच पाण्यावर डौलात उभं राहिलं, काठी धक्क्यावरच्या दुबेळक्यात ठेवली, आणि तो मागचा खटका वर करायला हात नेला.

खटक्याला सील होतं.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या कामात वेग आवरणारं यंत्र तपासून झालं की ते सुरक्षित बाजूला आणायचं, खटक्याच्या भोकातून तार ओवायची, आणि तारेच्या दोन्ही टोकांवर शिशाची गोळी पकडीने दाबायची, म्हणजे पुन्हा कुणी उपद्व्याप करू नये. वीस वर्षं दिवसातून चार वेळा मी हे करतोय. आदल्या दिवशी हॉलमधली तपासणी संपली तेव्हा माझ्या हातांनी तेच केलं. मी त्या वेळी कसला विचार करत होतो देव जाणे. हात मात्र आपल्या नोकरीवर होते. तुमच्या रिळाचा मोकळा खटका बंद, पुढचा ब्रेक पूर्ण आवळलेला, आणि वर माझं सरकारी सील. लिफ्ट असती तर माझी पाठ थोपटली गेली असती.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? तंगूस गुंडाळून घेईल, घरी जाईल. त्याहून शहाणा माणूस खिशातल्या किल्लीने तार तोडेल. मी दोन्हींतला नव्हतो. मला नियम आठवला. सील लावणाऱ्याने आपलंच सील एकट्याने काढू नये. दुसऱ्या माणसासमोर काढावं, कारण लिहावं, त्याची सही घ्यावी. मामा, मी स्वतःला समजावलं की हे रीळ आहे, हा तलाव आहे, आज रविवार आहे. मग मीच मला उत्तर दिलं की आज इथे सोडलं तर उद्या तिथे सोडशील. (ही अशी चर्चा माझ्यात रोजच चालते आणि दोन्ही बाजूंनी मीच असल्यामुळे ती लांबते.) पक्कडही हवी होती, साक्षीदारही हवा होता, आणि दोन्ही नाववाल्याकडे होते. दोन मिनिटांचं काम म्हणून मी काठी तशीच ठेवून गेलो. रोजनिशी खिशात असतेच. तिच्यात लिहिलं: 'सील क्रमांक ४४१७, मासा मोकळा जाऊ देण्याच्या कारणास्तव काढत आहे.' नाववाल्यापुढे धरलं.

तर तो माझ्याहून चोख निघाला. त्याने आधी नावेतल्या पेटीतून चष्मा काढला. पुसला. मजकूर ओठ हलवत वाचला. 'यात माझ्यावर काय येतं?' काही येत नाही, म्हटलं, नुसतं पाहिल्याची सही. 'पण मी अजून पाहिलंच नाही.' बरोबर होतं. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, आधी चला, पाहा, मग सही करा. तो म्हणाला, 'मागे एकदा मेहुण्याच्या सांगण्यावरून सही केली होती, अजून निस्तरतोय.' मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. मी मजकुरात 'काढत आहे' खोडून 'काढणार आहे' केलं आणि त्या खाडाखोडीवर आद्याक्षरं करत होतो, तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, आवाज जराही न चढवता म्हणाला, 'साहेब, तुमची काठी निघाली.'

निघाली म्हणजे अगदी निघाली. दुबेळक्यातून उचलली गेली, धक्क्याच्या कडेवर एकदा आपटली, आणि मुठीसकट, रिळासकट, मामींनी बसून दोरा गुंडाळलेल्या त्या दांड्यासकट पाण्यात गेली. खटका मोकळा असता तर नुसता तंगूस गेला असता. मी धावलो. चपला धक्क्यावर, रोजनिशी चपलांवर (ती भिजू नये एवढं सुचलं, याची मला अजून लाज वाटते), आणि मी छातीएवढ्या पाण्यात. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शिकवण्याचा प्रयत्न तुम्हीच केला होता. नाववाल्याने मला शर्टाच्या कॉलरला धरून बाहेर काढलं. त्या ओढण्यात मात्र काही अडखळलं नाही.

मामा, त्या दिवशी घरी आलो तेव्हा तुम्हाला लगेच सांगायला हवं होतं. गुरुवारी फोन आला आणि मी गॅलरीत गेलो. गॅलरीत काठी नव्हती. तुम्ही तीन वर्षांनी एक गोष्ट मागितली आणि मी तुमच्याकडे होती ती दुसरी बुडवली. मामींचा तो दोरा मला आठवत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर बसून त्या गुंडाळत होत्या आणि तुम्ही 'घट्ट, अजून घट्ट' म्हणत होता आणि त्या म्हणाल्या होत्या, 'माझे हात दुखतात, तुमची काठी नाही दुखत.' काठी गेली हे कळलं तर तुम्ही काही बोलणार नाही, 'असू दे रे' म्हणाल, आणि पुन्हा कधी नदीवर जाणार नाही. मी दुसऱ्या कशाला एवढा घाबरत नव्हतो. घरात सांगितलं, काठी तपासणीत आहे. खोटं बोललो असं मला वाटू नये म्हणून मी रोज कचेरीतून आल्यावर तलावावर जाऊन पाण्याकडे बघून यायचो. तेवढीच तपासणी.

नवव्या दिवशी नाववाल्याने नांगराच्या लोखंडी आकड्याने ती ओढून काढली. मला निरोप आला तेव्हा मी एका सहा मजली इमारतीच्या यंत्रखोलीत होतो. उतरताना लिफ्टही वापरली नाही, जिन्याने पळत आलो. काठी शाबूत होती. मोडली नव्हती, वाकली नव्हती. मासा अर्थातच तंगूस तोडून गेला होता. रिळात चिखल इतका की मूठ फिरवली तर पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा. पण नाववाल्याने रीळ उलटं करून मला दाखवलं, त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. 'सील जसंच्या तसं आहे साहेब!' नऊ दिवस पाण्याखाली, आणि सील शाबूत. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतलं ते सर्वांत चांगलं काम असावं.

मामींच्या दोऱ्याचे वरचे तीन वेढे सुटले आहेत. बाकीचे घट्ट आहेत. रंग थोडा उतरला. मी सुटलेल्या वेढ्यांना हात लावलेला नाही. एकदा लावणार होतो, सुई-दोरा घेऊन बसलोही होतो; पण माझ्या हातांनी काय काय केलंय ते वर लिहिलंच आहे.

ते चिखलाचं रीळ मी उघडून साफ केलं. परत जोडलं तेव्हा एक स्प्रिंग उरली. रीळ फिरतं, पण स्प्रिंग उरलेलं रीळ मी माझ्या मामांना कसं देऊ? म्हणून तशाच जातीचं नवं आणलं. दुकानदाराने पहिलं कुठे गेलं ते विचारलं. मी म्हणालो, पाण्याच्या चाचणीत नापास. तो रीळ फिरवायचा थांबला. मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच थांबला.

नव्या रिळाला मी हात लावण्याआधी बायकोने माझी सीलची पक्कड कपाटात ठेवून किल्ली आपल्याकडे घेतली. तुमची काठी मी परत पाण्याजवळ नेली नाही. नाववाल्याची एक जुनी काठी घेतली. आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, नऊच्या सुमाराला, मामा, ते झालं. खटका वर होता. लाल बूच एकदा डुबलं, बाजूला सरकलं, आणि फिरकी फिरायला लागली. आवाज असा काही नव्हताच. समजूतदार म्हणायला हरकत नाही. तंगूस सुटत होता, सुटत होता, माझ्याच समोरून, माझ्या परवानगीने, आणि काहीही पडत नव्हतं, कुणीही मरत नव्हतं. नाववाला ओरडत होता, 'मूठ फिरवा! मूठ!' मला ऐकू येत होतं. मूठ फिरवावी हे मला बावीस रकान्यांत माहीत होतं. पण मला तो जाताना इतका आवडला की मी नुसता बघत बसलो. सगळा तंगूस गेला, तळाची गाठ दिसली, टणकन ताण आला आणि माशाने आमिष टाकून दिलं. नाववाला खाली बसला. मी त्याला म्हणालो, उत्तम रीळ आहे. तो म्हणाला, 'रिळाला कोण काय बोलतंय?'

तेव्हा निकाल असा: हे रीळ घ्या. मध्यम आकाराचं, हलकं, सुरुवातीला न अडखळणारं, खटका अंगठ्याजवळ. तुमच्या काठीवर नीट बसतं. मी स्वतः बसवून पाहिलं आहे, वेळोवेळी. उद्या पार्सल करतो. काठीही त्यातच. वेढ्यांबद्दल जे वाटेल ते मला लिहा, रागावून लिहा, 'असू दे रे' एवढं मात्र लिहू नका.

आईचा आशीर्वाद म्हणा, लाड म्हणा, काय ते बहिणीकडून भावाला जात असेल ते. भाचेसुनेचा नमस्कार. माझा, वर सांगितल्याप्रमाणे, उभ्यानेच.

तुमचा,
तपासनीस भाचा

ता. क. खरी विनंती वर लिहायची राहिली, किंवा राहू दिली. पार्सल मिळालं की तुम्ही नदीवर जाल तेव्हा मला बोलवा. मला मासा नको. तुम्ही मूठ कधी फिरवता ते बघायचं आहे, आणि कुठल्या हाताने.

ता. क. दोन. पत्र बंद करण्याआधी तुमच्या भाचेसुनेला वाचायला दिलं, तिच्याबद्दल काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुरुस्त करावं म्हणून. ती अठरा वर्षांच्या वाक्याला हसली. पुढे बराच वेळ हसली नाही. मग म्हणाली, 'तुला एक सांगायचंय. मामांनी मे महिन्यातच रीळ घेतलं. तिकडच्या दुकानात गेले, दहा मिनिटांत घेऊन आले.' मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे तुम्हीच सांगितलंत: 'त्याला बोलू नकोस, रविवारी घराबाहेर पडतोय, पडू दे.' मी कुठलं रीळ ते विचारून घेतलं. माझ्या तक्त्यात ते अकराव्या क्रमांकावर आहे. तक्ता पुन्हा तपासायला घेतला आहे. चूक त्याचीच असणार.

ता. क. तीन. तक्ता बाजूला ठेवला. मी तिला विचारलं, मे महिन्यापासून रीळ आहे, मग मामा नदीवर गेले असतील ना? ती म्हणाली, नाही. दर गुरुवारी विचारते, दर गुरुवारी तुम्ही म्हणता, 'काठी आली की जाईन, काठीची घाई नाही.' मामा, म्हणजे पाच महिने रीळ तिकडे बसून आहे, काठी इकडे गॅलरीत, आणि मधे मी, सुरक्षित बाजूला आवळलेला. दुसरी काठी तुम्ही का घेतली नाहीत ते मला विचारावं लागत नाही. पार्सल रद्द. पार्सलला चार दिवस लागतात, आणि पार्सलवाले कुठली वस्तू कशी आपटतील याची मला खात्री देता येत नाही. हे पत्रही टपालात टाकत नाही, मीच आणतो. फक्त माझ्यासमोर वाचू नका, मी अंगणात जाऊन उभा राहीन. साहेबांना रजेचा निरोप दिला. ते म्हणाले, 'तुम्ही? रजा?' आणि कुणी गेलं का ते हळूच विचारलं. म्हटलं, नाही, कुणीतरी जायचं राहिलंय.

रोजनिशीत दुसऱ्या दिवसाचं काम लिहून ठेवतो, ते आज इथेच लिहितो.

उद्या: सकाळी सहा दहाची गाडी, काठी मामांच्या हातात देणे.